कागद न घातलेलं रिबिट

आमच्या घरात एकट्या माणसाने रिबिट मारलेलं मी कधी पाहिलं नाही. ते काम दोघांचं. एकाने पुढून हातोडी मारायची, दुसऱ्याने मागून टेका धरायचा. टेका म्हणजे मुठीत जेमतेम मावणारा लोखंडी गोळा. त्याला एका बाजूला लहानसा खळगा होता. रिबिटाचं तयार डोकं त्या खळग्यात बसवायचं, आणि समोरून कितीही घाव पडले तरी हात हलू द्यायचा नाही. बाबा तरुणपणी कापसाच्या जिनिंगमध्ये मेकॅनिकच्या हाताखाली होते. जिनिंग बंद पडलं तेव्हा लोकांनी जाता जाता काय काय उचललं कोण जाणे, आमच्या बाबांनी हा गोळा उचलला. जानेफळच्या बौद्धवाड्यात, आमच्या घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, ते ठिय्या, म्हणजे लहानशी ऐरण, रोवून बसायचे, आणि बाजाराच्या दिवशी तोच पसारा बाजारात मांडायचे. टेका धरायची माय. बाबा हातोडी उचलून म्हणायचे, "धर वं." माय म्हणायची, "धरलं." तिचं 'धरलं' ऐकू आल्याशिवाय बाबांचा घाव पडला नाही कधी. भांडण झालेलं असलं, दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलत नसली, तरी हे दोन शब्द चालू असायचे. त्यांच्या संसारात त्याहून गोड बोलणं मी फारसं ऐकलं नाही, आणि आता वाटतं, लागतही नसावं.

लोक घेऊन यायचे ते सगळं हलणारं, डुगडुगणारं. बादलीचा कान, कढईची कडी, तव्याचा दांडा, फवारणीच्या पंपाचा पट्टा. येणारा वस्तू ठेवता ठेवताच सांगायचा, "काका, दोन ठोके मारा फक्त." या 'दोन ठोके'चा बाबांना भारी राग. ते वस्तू हातात घ्यायचे, ढिल्या रिबिटाच्या मागे बोट लावायचे आणि पुढून हातोडीने हलकेच टिचकी मारायचे. रिबिट ढिलं असलं की बोटाला कळतं, ते आत थरथरतं. मग सुरू व्हायचे. "डोक्यावर मारून काय होते बे? भोक खाल्लं हाये त्याचं. आज घट्ट वाटन, आठ दिवसानं पुन्हा डुगडुगन, अन् मंग तू गावभर सांगशीन का बुढ्याले काम येत नाई." मग बाबा छिन्नीने जुनं डोकं उडवायचे, सुंब्याने रिबिट ठोकून बाहेर काढायचे, लांबुळकं झालेलं भोक कानशीने गोल करायचे आणि त्यात आधीपेक्षा अंमळ जाड रिबिट घालायचे. पलीकडे किती टोक बाहेर ठेवायचं याचाही अंदाज लागतो. कमी ठेवलं तर डोकं बनत नाही, जास्त ठेवलं तर ते वाकून आडवं पडतं. पहिले घाव सरळ नाकावर, म्हणजे रिबिट आतल्या आत फुगून भोक भरतं. मग कडेकडेने फिरत मारायचं की टोपी बसते. आवाज आधी बोदा येतो, रिबिट बसलं की खणखणीत होतो. मी चुलीपाशी पाढे पाठ करत असले तरी त्या आवाजावरून सांगू शकायचे की आता माय हात झटकत उठणार आणि भाकरी टाकायला येणार. तिच्या हाताला लोखंडाचा वास असायचा. ज्वारीच्या भाकरीलाही थोडा यायचा, आम्हाला तो भाकरीचाच वाटायचा.

पण रिबिटाची एक दुसरी जात आहे, आणि हे सगळं मी लिहिते आहे ते तिच्यासाठी. बादलीचा कान हलता कामा नये. कात्री मात्र हललीच पाहिजे. कात्री, सांडशी, अडकित्ता यांचं रिबिट बादलीसारखं ठासून मारलं तर दोन्ही पाती एकमेकांना चिकटून बसतात, उघडतच नाहीत. म्हणून मध्ये कागद घालायचा. मायच्या कमरेच्या बटव्यात सुपारीबरोबर बिडीच्या बंडलांचे कागद घडी करून ठेवलेले असत. फिरतं काम आलं की ती विचारायची, "कागद?" बाबा मान हलवायचे. ती दोन पात्यांच्या मध्ये कागदाचा तुकडा सरकवायची, मग टेका, मग 'धरलं'. काम झालं की तेलाचा थेंब सोडून कागद ओढून काढायचा. तो जागा सोडून जायचा, आणि तेवढ्या जागेत कात्री आयुष्यभर चालायची. "हलणाऱ्याले जागा ठेवा लागते," बाबा म्हणायचे. बाजारात बसून हे ज्ञान त्यांनी किती लोकांना फुकट वाटलं असेल.

आता माझा पाय. मला लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय कमरेपासून लुळा राहिला. नागपूरला नेऊन बाबांनी कॅलिपर करून आणला. पायाच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, खाली बूट. गुडघ्यापाशी दोन्ही पट्ट्यांना एकेक सांधा, आणि त्यावर सरकणारी एक कडी. कडी खाली केली की पाय सरळ राहतो, चालता येतं. वर उचलली की गुडघा वाकतो, बसता येतं. त्या सांध्यात रिबिट. म्हणजे माझं उभं राहणं आणि बसणं, दोन्ही रिबिटावर. वर्गातल्या पोरी 'खट्ट्यापट्ट्या आली' म्हणायच्या, कारण मी दिसायच्या आधी ऐकू यायचे. मी पण काही गरीब गाय नव्हते. एकीच्या पायावर तो बूट एकदा नीट ठेवून दिला होता, मग ती मला सुजाताबाई म्हणायला लागली.

दहावी झाली, बारावी झाली. मी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाले तेव्हा बाबांनी बाजारातून पेढे आणले नाहीत. त्यांनी खडूचा डबा आणला. त्यांच्या डोक्यात एकच होतं, लेक मास्तरीण होणार. डी.एड.ला अर्ज केला, नाव लागलं, आणि बुलडाण्याला तपासणीसाठी बोलावणं आलं. त्यात अट होती. उमेदवाराला वर्गात उभं राहून शिकवता येतं का हे डॉक्टर पाहणार होते. कोणाचा हात न धरता, काठी न घेता, चालून दाखवायचं. आमच्या घरात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. चालून दाखवलं तर मास्तरीण, नाही तर काही नाही.

आणि नेमकं तेव्हाच बाहेरच्या बाजूचं गुडघ्याचं रिबिट पुरतं ढिलं झालं. महिनाभर ते कुरकुरत होतंच. पाऊल टाकलं की गुडघा बाहेर झुकायचा. विहाराच्या पायरीवर मी एकदा सगळ्यांसमोर पडले, तांदळाची वाटी हातातून उडाली. बाबांनी दोनतीनदा 'दोन ठोके' मारून भागवलं होतं. होय, त्यांनीच. पट्टी बारीक होती, भोक मोठं करायचं त्यांना भय वाटत होतं. पट्टी चिरली तर नवा कॅलिपर यायला वर्ष जाईल, असं ते म्हणायचे. तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र उपाय उरला नाही. ऊन कलल्यावर त्यांनी सपरीत पोतं अंथरलं, माझा पाय, म्हणजे कॅलिपर, सोडवून घेतला आणि समोर ठेवला. मग डोकं उडवलं, रिबिट काढलं, भोक हलक्या हाताने गोल केलं. पट्टी चिरली नाही. त्यांनी जाड रिबिट घातलं. मायने सवयीने बटव्यात हात घातला.

"कागद?" ती म्हणाली.

"नको," बाबा म्हणाले.

"काऊन? फिरतं काम हाये ना हे."

"नको म्हणलं ना. ह्या पायाले आता ढिल नाई पायजे. धर वं."

कागद मायच्या बोटांत होता. मग तिने तो पुन्हा बटव्यात ठेवला आणि म्हणाली, "धरलं."

बाबांनी मारलं ते रिबिट त्यांच्या हातून झालेल्या सगळ्या कामांत उत्तम होतं. मी आजही हे सांगेन. गोल, गुळगुळीत टोपी, घंटेसारखा आवाज. मी पाय चढवला आणि उभी राहिले. गुडघा झुकला नाही. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि आवाज आला नाही. तोवरच्या आयुष्यात मी पहिल्यांदा आवाज न करता चालले. माय पदराने डोळे पुसायला लागली. मी वळले, पुन्हा चालले, मुद्दाम शेजारच्या दारावरून गेले. मग कडी वर करून बसायला गेले तर गुडघा वाकेना. पाय समोर काठीसारखा सरळ.

"अवो, पोरगी बसन कशी?" माय म्हणाली.

"मास्तरणीले उभ्यानंच शिकवा लागते," बाबा हसून म्हणाले. किती दिवसांनी हसले होते. "तेल सोडतो, चालता चालता होईन मोकळं. उद्याचा दिवस जाऊ दे, परवा कागद घालून पुन्हा मारून देतो. आज हात नोको लावू त्याले."

आणि आम्ही हात लावला नाही. त्या चालण्याला हात लावायची कोणाची छाती होती? जन्मभर दुसऱ्याच्या कात्रीला जागा सोडणारा माणूस, पोरीच्या पायाला मात्र त्याने केसाइतकी जागा सोडली नाही. त्या पायाच्या पडण्याचं भय त्यांना इतकं होतं. त्यांना मी दोष देत नाही. पण अजूनही कधी कधी कागदाची घडी हातात आली की मला रडू येतं, आणि कशासाठी रडते हे शेजारी शिवणाच्या मशीनवर बसलेल्या बायांना काय सांगणार.

सकाळच्या एसटीने निघालो. मायने दशम्या आणि जवसाची चटणी बांधून दिली. मेहकरला गाडी बदलली. कंडक्टरने मला पुढची, कडेची सीट दिली, पण पाय वाकत नव्हता, तो मधल्या वाटेत आडवा. बाबा बसलेच नाहीत. ते माझ्या पायाशी उभे राहिले आणि चढणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, "पाय हाये भाऊ, पाय हाये, जरा पाहून." एक म्हातारी म्हणाली, "दुमडून घे ना वं बाई." बाबा तिला म्हणाले, "दुमडत नाई मावशी, नवं हाये." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. मला हसू आलं, त्यांनाही आलं. चिखलीपर्यंत आम्ही हसतच गेलो. मी वर्गात पहिल्या दिवशी काय शिकवणार ते त्यांना विचारायचं होतं. मी म्हणाले, कविता. ते म्हणाले, "नाई, गणित शिकव. पोट्टे गणिताले भेतात."

चिखलीला गाडी गच्च भरली. दाराशी सरकीची पोती, माणसावर माणूस. बाबा माझ्या पायावर दोन्ही हात सीटांना लावून कमान करून उभे होते. गाव सोडल्यावर कुठेतरी म्हैस आडवी आली आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. मागची सगळी गर्दी पुढे आली. ती थेट बाबांच्या पाठीवर आली, आणि बाबा माझ्या पायावर पडले. दुसऱ्या कोणाचा धक्काही मला लागला नाही. जो माणूस सकाळपासून त्या पायाला जपत उभा होता, त्याचंच सगळं वजन त्यावर आलं. इतर बायांनी झटकन पाय आत ओढले. माझा ओढता येत नव्हता. पाय ठणकून उठला, मी ओरडले. लोक उठले, बाबा उठले. पाहिलं तर बाहेरची पट्टी गुडघ्याच्या वर वाकलेली होती. रिबिट जसंच्या तसं होतं. ढिलं असतं तर ते निखळलं असतं, पट्टी वाचली असती. ते हललंसुद्धा नाही.

बुलडाण्याला उतरल्यावर बाबांनी रस्त्याच्या कडेला एक मोठा दगड पाहिला, माझा पाय सोडवून त्यावर पट्टी ठेवली आणि दुसऱ्या दगडाने सरळ करायला लागले. हातोडी घरी, टेका घरी, माय घरी. मी एका हाताने पट्टी धरली. दगड घसरायचा, पट्टी दुसरीकडेच वाकायची. लोक जाता जाता बघत होते. एक जण म्हणाला, "वेल्डिंगवाल्याकडं ने ना बाबा." पण वेळ नव्हता. तसाच तो वाकडा पाय चढवून आम्ही आत गेलो. मोठा हॉल होता. दारापासून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत चालायचं. डॉक्टर वाईट नव्हते. म्हणाले, "ये बाळ, सावकाश ये." बाबांचा हात माझ्या पाठीला मागून लागलेला होता. टेबलाजवळचा माणूस म्हणाला, "काका, हात काढा." बाबांनी काढला नाही. त्याने पुन्हा सांगितलं. मग पाठीवरची ती ऊब गेली. मी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि डाव्या अंगावर खाली आले. पुन्हा उठले, पुन्हा पडले. तिसऱ्यांदा डॉक्टरच उठून आले. बाबा त्यांना म्हणाले, "साहेब, काल चालली होती. अंगणात चालली होती. आवाजबी नव्हता येत." डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू काका."

पुढच्या वर्षी पट्ट्या नागपूरहून नव्या आल्या, पण यादी माझ्या मार्कांच्या बरीच वर बंद झाली. त्यानंतर मी अर्ज केला नाही. तो खडूचा डबा माझ्याकडे अजून आहे. कापडावर खुणा करायला ते खडू कामाला आले.

त्या संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा मायने वांग्याची भाजी करून ठेवली होती, घरभर वास सुटला होता. तिने आधी आमची तोंडं बघितली. माझा पाय सोडवला, वाकलेल्या पट्टीवरून हात फिरवला, आणि तिचं बोट त्या रिबिटावर थांबलं. "हे तं शाबूत हाये," ती म्हणाली. तिला टोचून बोलायचं नव्हतं, तिने जे दिसलं ते सांगितलं. बाबा अंगणात गेले आणि अंधार पडेपर्यंत आत आले नाहीत. भाजी तशीच राहिली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते हळूहळू झालं आणि हळूहळू झालेल्या गोष्टी सांगायला कंटाळवाण्या असतात. फिरतं काम आलं की माय विचारायची, "कागद?" बाबा म्हणायचे, "दोन घाल." मग पुढे पुढे पुठ्ठा. घाव हलके पडायला लागले. खणखणीत आवाज येण्याआधीच ते हातोडी खाली ठेवायचे. माय टेका धरून तशीच बसायची आणि म्हणायची, "अजून बोदं येऊन राह्यलं ना." ते म्हणायचे, "बस झालं. आवळून जाईन." बादलीच्या कानालासुद्धा तेच करू लागले. लोक परत यायचे. "काका, कात्री कापड चावते." "काका, कालच नेली अन् आज कान निघाला." बाबा त्यांच्याशी भांडत नव्हते. पूर्वी भांडायचे तेव्हा बरं होतं. स्टँडवर वेल्डिंगचं दुकान निघालंच होतं, लोक तिकडे जायला लागले. एका बाजाराच्या दिवशी बाबांनी पसारा मांडला, दिवसभर कोणी आलं नाही, तो गुंडाळला आणि पुन्हा कधी मांडला नाही. सगळे म्हणायचे वेल्डिंगने बुढ्याचा धंदा खाल्ला. आम्हा तिघांना माहीत होतं काय झालं ते, आणि तिघांपैकी कोणी ते कधी बोललं नाही.

मी शिवण शिकले, एका पायाने मशीन चालवायला शिकले. मला कापडाची कात्री बाबांनीच जोडून दिली, ते त्यांचं शेवटचं काम. पाती चांगली पोलादी, पण रिबिट इतकं ढिलं की कापड दोन पात्यांच्या मध्ये दुमडून अडकतं. मी त्यांच्यासमोर तिनेच कापायचे आणि ते आत गेले की बाजारातली काढायचे. माय आधी गेली. बाबा नंतर काही वर्षं होते, पण माय गेल्यावर त्यांनी हातोडी उचललेली मी पाहिली नाही.

आता माझ्या पायाला हलका प्लास्टिकचा साचा आहे. त्याचं रिबिट सैल झालं तर अपंगांच्या शिबिरातला मुलगा पिस्तुलासारखं काहीतरी लावतो, टक्क आवाज होतो, झालं. मागून कोणी धरावं लागत नाही.

गेल्या महिन्यात दुपारी कामं नव्हती. मनात आलं, बाबांची कात्री एकदा घट्ट करून घ्यावी. जन्मभर पाहिलं आहे, येईल. ठिय्या केव्हाच गेला, पण टेका होता, हातोडी होती. फरशीवर गोळा ठेवला, त्याच्या खळग्यात रिबिट टेकवलं, मध्ये कागदाचा एक तुकडा सरकवला, एकच, आणि हातोडी उचलली. पहिल्याच घावाला गोळा खालून निसटला आणि गडगडत मशीनखाली गेला. कात्री आपटली. मी हातोडी हातात घेऊन तशीच बसले होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "धर वं." मी ऐकत राहिले. कोणी 'धरलं' म्हणालं नाही.